दोन अक्षरं आणि एंटर

"गुरुजी गेले आणि आपल्या भागातल्या कितीतरी घरांतलं वडीलधारं माणूस गेलं. रेडिओ शिवारच्या वतीनं त्यांना भावपूर्ण श्रद्धांजली," दामूअण्णा जड आवाजात म्हणाले, आणि बासरीची धून लावायला त्यांनी माऊस दाबला.

बासरी वाजली नाही. "लग्न असो, बारसं असो, नाहीतर विजयाची मिरवणूक! नाचायचं म्हटलं की गर्जना बँजो पार्टी!" आणि पाठोपाठ ढणढणाट सुरू झाला.

मी काचेच्या अलीकडे बसले होते. अण्णांनी झटकन आवाज खाली ओढला तो दिसला. मग त्यांचा हात माऊसवर गेला आणि टेबलावर गोल गोल फिरायला लागला. मान पुढे काढून ते स्क्रीनकडे बघत होते. रेडिओवर काहीच वाजत नव्हतं. घरात बसून ऐकणाऱ्याला वाटतं सेल संपला, आणि रेडिओत काम करणारा खुर्चीतून उठलेला असतो. मी दार ढकलून आत गेले, त्यांच्या हाताखालचा माऊस घेतला आणि बासरी लावली. अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला. डिसेंबर चालू होता.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगोल्याच्या बाहेर, शेतकऱ्यांच्या एका संस्थेच्या बियाणांच्या गोदामावर दोन खोल्या होत्या. तिथं आमचं छोटं रेडिओ केंद्र चालायचं. आसपासच्या खेड्यांपुरतंच ऐकू यायचं. हवामान, डाळिंबाची फवारणी, बाजारभाव, बायकांच्या ओव्या, वाढदिवस आणि मयतीच्या बातम्या, सगळं आम्ही लावायचो. दामोदर ऐवळे, म्हणजे दामूअण्णा, आमचे मुख्य निवेदक. पन्नाशीला टेकलेले, बारीक अंगाचे, पण आवाज असा की रस्त्यावरचा माणूस सायकल थांबवून ऐकायचा. मी उज्ज्वला लवटे. पंढरपुरात कंप्युटरचा डिप्लोमा करून आले होते. रेकॉर्डिंग कापायचं, फाईली लावून ठेवायच्या, बिघडलेलं सुरू करायचं, हे माझं काम. माईकवर मी कधी बोलले नव्हते आणि बोलायची इच्छाही नव्हती.

केंद्रप्रमुख शेटेमॅडम तासाभरात आल्या. मोठ्यानं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणूनच त्यांची भीती जास्त वाटायची.

"ऐवळे, गुरुजींच्या मुलाचा फोन होता. वडलांची चेष्टा केली म्हणत होता."

"चूक झाली मॅडम. आज घरी जाऊन पाया पडून येतो."

"या जाऊन. पण गेल्या महिन्यात हवामानाच्या जागी भारूड लागलं होतं. त्याआधी एकदा पाच-सहा मिनिटं काहीच नव्हतं. समितीची माणसं मला विचारतात. पुन्हा असं झालं तर थेट कार्यक्रम तुमच्याकडून काढून घ्यावे लागतील. मग रेकॉर्डिंग करा, गावोगाव फिरा. पण स्टुडिओ नाही."

मॅडम गेल्यावर अण्णा माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले.

"उज्ज्वला, ह्या उंदराशिवाय फाईल उघडायची काय सोय असते का गं?"

"माऊसशिवाय? असते की. कीबोर्डवरनं उघडायची."

"तसं नको. बाण दाबत यादीतनं खाली-वर जायचं, त्यात पुन्हा वेळ. मला काय पाहिजे सांगू? मी दोन अक्षरं टाइप करायची, एंटर मारायचा, की ती फाईल वाजली पाहिजे. बासरी म्हटलं की बासरी. मधी काय नको."

त्यांना टायपिंग चांगलं यायचं. सरकारी नोकरीच्या आशेनं तरुणपणी त्यांनी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. नोकरी लागली नाही, पण बोटं तयार झाली. मी म्हटलं, "असले प्रोग्राम मिळतात. लाँचर म्हणतात त्याला. दोन बटणं एकदम दाबली की स्क्रीनच्या मधोमध एक पट्टी उघडते. तिच्यात नाव टाइप करायला लागलं की पाहिजे ते समोर येतं. आणून देते."

"हलका बघ. आपलं मशीन म्हातारं हाय. आणि चपळ पाहिजे."

मला हे काम आवडलं. दोन दिवस शोधून मी सगळ्यात देखणा लाँचर निवडला. पट्टी उघडताना हळूच उजळायची, प्रत्येक फाईलपुढे रंगीत चित्र यायचं, बेरीज-वजाबाकी करायचा, बाहेरचं तापमानसुद्धा दाखवायचा. दुपारी रेकॉर्ड केलेला कार्यक्रम चालू असताना मी अण्णांना तो चालवून दाखवला.

"आता ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबा."

त्यांनी दाबलं. पट्टी यायला वेळ लागला, आणि त्याच क्षणी चालू असलेली मुलाखत अडखळली. डाळिंबावरच्या रोगाबद्दल बोलणारे साहेब "ते-ते-ते-तेल्या" असं म्हणाले.

"हे काय झालं?"

"तो मागं सगळ्या फाईली वाचत बसतो ना, त्यानं मशीनवर ताण येतो. एकदा वाचून झालं की थांबेल."

"थांबंपर्यंत ऐकणाऱ्यांनी काय करायचं? काढ हे."

"अण्णा, एक दिवस तरी बघा. किती छान दिसतोय."

"दिसण्याला काय करायचंय?" ते इतकं तुटक बोलले की मी तो तिथंच काढून टाकला.

दुसरा लाँचर खरंच हलका होता. पट्टी क्षणात यायची. मला वाटलं, आता प्रश्न मिटला. पण चार दिवसांनी अण्णांनी पुन्हा हाक मारली.

"उज्ज्वला, काल 'बा' टाइप केलं तर बासरी पहिली आली. आज 'बा' टाइप केलं तर बाजारभाव पहिलं आलं. असं का?"

"तो शिकतो अण्णा. तुम्ही जे जास्त वापरता ते वर आणतो. हुशार आहे."

"मला हुशार नको. काल जिथं होतं तिथंच आज पाहिजे, आणि उद्यापण तिथंच."

"पण समोर दिसतंच की कुठलं पहिलं आहे ते. बघायचं आणि एंटर मारायचा."

त्यांनी पट्टी बंद करून पुन्हा उघडली. मग म्हणाले, "आणि मागच्या वेळी टाइप केलेली अक्षरं तशीच राहतात पट्टीत. मी नवी टाइप केली की जुन्याला चिकटतात. दरवेळी पट्टी कोरी उघडली पाहिजे."

मला त्यांचा हट्टीपणा वाटला. घरी आईला मी सांगितलंही, की नवरीसाठी स्थळं बघावीत तसे अण्णा लाँचर बघताहेत. एकाची उंची कमी, एकाचा रंग पसंत नाही.

तिसरा मी चिडूनच शोधला. त्याच्यात काहीच नव्हतं. राखाडी पट्टी, ना चित्र, ना रंग. फाईली शोधायचाच नाही तो. आपण आधी सांगून ठेवायचं, की या अक्षरांना ही फाईल. तेवढंच त्याला कळायचं. अख्खा प्रोग्राम एखाद्या फोटोपेक्षा लहान होता. मला वाटलं, अण्णा आता म्हणतील, हे काय भिकारड्यासारखं आणलंस.

त्यांनी ऑल्ट-स्पेस दाबलं. 'बस', एंटर. बासरी. ऑल्ट-स्पेस, 'हव', एंटर. हवामान. हेडफोन कानाला लावून त्यांनी पंधरा-वीस वेळा तेच केलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"ह्याला वळण हाय," ते म्हणाले. "हाच. आता आपण सगळ्या फाईलींची बारशी करू."

पुढे आठ-दहा दिवस आम्ही दुपारी तेच करत बसायचो. प्रत्येक गाण्याला, जाहिरातीला, धुनेला दोन अक्षरं. अण्णा अक्षरं ठरवायचे, मी प्रोग्रामला सांगायचे. सारखी वाटतील अशी दोन नावं त्यांनी कुठं ठेवली नाहीत. श्रद्धांजलीच्या धुनेची अक्षरं आणि बँजोची अक्षरं तर त्यांनी कीबोर्डच्या दोन टोकांना ठेवली. "एक बोट घसरलं तरी ह्या टोकाचं त्या टोकाला जाणार न्हाय," म्हणाले.

नव्या वर्षात दामूअण्णांची एकही चूक झाली नाही. चूक तर सोडाच, कार्यक्रमाला वेगळीच धार आली. कुणी फोनवर सांगितलं की आज माझ्या सासूचा वाढदिवस आहे, तर बाईचं वाक्य संपायच्या आत सनई सुरू व्हायची. शेटेमॅडम एकदा काचेपाशी उभ्या राहून बघत होत्या. "ऐवळे तरुण झालेत," त्या मला म्हणाल्या. माझीच कुणी पाठ थोपटल्यासारखं मला वाटलं.

एकच गोष्ट खटकायची. बाजारभावाचा कागद सकाळी आला की अण्णा तो मला मोठ्यानं वाचायला लावायचे. "आकडे एकदा कानावरनं जाऊ दे," म्हणायचे. मग तो कागद समोर धरून, पण जवळजवळ पाठ केल्यासारखे ते भाव सांगायचे. मला वाटायचं, प्रत्येक निवेदकाची एक तऱ्हा असते.

जानेवारीच्या अखेरीस एका दुपारी 'ओसरी' नावाचा बायकांचा कार्यक्रम चालू होता. थेट कार्यक्रम, अण्णा आत एकटे. मी बाहेरच्या खोलीत. पंखा थांबला, ट्यूब विझली. लाईट जाणं काही नवीन नव्हतं. मशीन आणि माईक बॅटरीवर चालायचे, त्यामुळे कार्यक्रम अडत नसे. माझ्या टेबलावरच्या छोट्या रेडिओतून अण्णांचा आवाज येत होता. पण सहज काचेकडे नजर गेली आणि मी उठलेच. स्टुडिओला खिडकी नव्हती. नेहमी लाईट गेली की आत स्क्रीनचा निळा उजेड दिसायचा. आज आत मिट्ट काळोख होता. आदल्या दिवशी वायरमननं बोर्ड बदलताना स्क्रीनची पिन बॅटरीऐवजी भिंतीच्या सॉकेटात लावली होती, हे मला नंतर कळलं.

मला वाटलं, आता सगळं थांबणार. पण रेडिओतून अण्णा म्हणत होते, "वाकीच्या ताराबाई विचारतात, लेकीच्या डोहाळजेवणाची ओवी लावाल का? का न्हाय लावणार ताराबाई?" आणि ओवी सुरू झाली. बरोबर तीच.

मी मोबाईलचा टॉर्च लावून हळूच आत गेले. उजेड अण्णांच्या अंगावर पडला. ते खुर्चीत ताठ बसले होते, बोटं कीबोर्डवर, आणि डोळे मिटलेले. ओवी संपत आली. त्यांनी न बघता बटणं दाबली, आवाज वर केला, दोन वाक्यं बोलले, पुढचं गाणं लावलं. काळ्या स्क्रीनपुढे.

गाणं सुरू झाल्यावर मी म्हटलं, "अण्णा."

त्यांनी डोळे उघडले. मी त्यांच्या उजव्या हाताला, दोन हातांवर उभी होते, हातात उजेड धरून. ते समोर बघत राहिले, मग डावीकडे.

"उज्ज्वला? कुठं हाईस? आणि अंधार का?"

"लाईट गेलीय. स्क्रीनसुद्धा बंद आहे, अण्णा."

"कधीपासनं?"

"मघापासनं. ताराबाईंच्या आधीपासनं."

ते हसले. इतकं समाधानानं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मग जमलं म्हणायचं," ते म्हणाले.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही गोदामाच्या पायऱ्यांवर बसलो. त्यांनीच सुरुवात केली.

"डोळ्याचा पडदा कडंकडंनं वाळत चाललाय. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, दोन वर्षं झाली. मामालापण होतं माझ्या. मधलं तेवढं दिसतं, नळीतनं बघितल्यागत. तुझं तोंड दिसतंय आता, पण तुझे हात दिसत न्हाईत. माऊसचा बाण तर असा हरवतो गं, पीस वाऱ्यानं उडावं तसा. शोधीपर्यंत लोकांनी रेडिओ बंद केलेला असतो."

"औषध?"

"न्हाय. हळूहळू मधलंपण जाणार. कधी, ते त्यांनाबी सांगता येत न्हाय. म्हणून म्हटलं, जायच्या आधी शिकून घ्यावं. रोज थोडा वेळ डोळं मिटून बसतो. आज पहिल्यांदा अख्खा कार्यक्रम तसा केला, आणि नेमकी तू आलीस."

तीन लाँचर आणि त्यांचे ते सगळे हट्ट माझ्या डोळ्यांपुढून गेले. मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसत असणार, कारण मी बरोबर समोर बसले होते.

"हे बघ, रडू नको. कुणाला सांगू पण नको. आंधळ्या माणसाला माईकपुढं कोण बसवंल? दुसरं मला काय येतं? घरी सुमनलासुद्धा बोललो न्हाय मी."

मी मान हलवली. सांगणार नाही म्हणाले. ते उठले, जिना उतरून शेडकडे गेले, आणि त्यांनी खिशातून मोटारसायकलची चावी काढली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णा रोज त्यांच्या वाडीवरून मोटारसायकलनं यायचे. मधे शाळा होती, आठवड्याच्या बाजाराचा रस्ता होता.

"अण्णा, तुम्ही गाडी चालवता?"

"मग? उडत येतो व्हय?"

"हात दिसत नाहीत म्हणालात ना माझे? मग बाजूनं येणारं पोर कसं दिसेल?"

"अंधार पडायच्या आत घरी जातो मी. आणि रस्ता पाठ हाय मला. अठरा वर्षं तोच रस्ता."

"रस्ता पाठ असेल. रस्त्यावरची माणसं पाठ नसतात."

त्यांनी चावी गाडीला लावली. मी पुढे झाले आणि ती काढून घेतली. आजही मला कळत नाही ते धाडस कुठून आलं. माझ्या वडलांच्या वयाचा माणूस, सगळा तालुका ज्यांना अण्णा म्हणायचा, आणि मी त्यांची चावी मुठीत धरून उभी.

"दे इकडं," ते म्हणाले. आवाज बदलला होता.

"नाही देणार."

"उज्ज्वला, तुझं काम कंप्युटरचं. माझ्या गाडीत पडू नको. गाडी बंद झाली की सुमन विचारणार, गाव विचारणार. आज गाडी गेली की उद्या माईक जाईल. एवढं कळत न्हाय तुला?"

"कळतंय. माईकचं मी कुणाला बोलणार नाही. मॅडमना तुम्ही सांगाल तेव्हा सांगा. पण गाडीवर बसलात तर मी आत्ता वर जाऊन सुमनवहिनींना फोन लावीन."

"लाव जा!"

मी हलले नाही. ते गाडीला टेकून उभे राहिले. वर खोलीत कुणाची तरी रेकॉर्ड केलेली मुलाखत चालू होती, ती खालपर्यंत ऐकू येत होती. गोदामातला हमाल पोतं घेऊन आमच्या मधून गेला. अण्णा दचकले. तो येताना त्यांना दिसलाच नव्हता. मला ते दिसलं, आणि मला दिसलं हे त्यांना कळलं.

गाडीपासून बाजूला होत ते म्हणाले, "वडाप कुठं थांबतं गं आता? लई वर्षं झाली, बसलो न्हाय."

मी त्यांना नाक्यापर्यंत सोडायला गेले. माणसं भरभरून नेणारी वडापची जीप आली. चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधाराला की आशीर्वादाला, ते मी विचारलं नाही.

सुमनवहिनींना त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. आठवड्यानं शेटेमॅडमच्या खोलीत गेले, तेव्हा मला बरोबर ये म्हणाले. सगळं त्यांनीच सांगितलं, न थांबता, बातमी वाचावी तसं. मॅडम टेबलावरच्या काचेकडे बघत होत्या.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली मॅडम."

"माझी?"

"घरी बसायची."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "गुरुजींच्या त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले."

"ते बरोबरच होतं. त्यांच्या पोराला त्रास झालाच."

"समितीला सांगावं लागेल. लपवता येणार नाही मला," मॅडम म्हणाल्या, आणि अण्णांची मान खाली गेली. "पण मी हेही सांगणार आहे, की जानेवारीत एक थेट कार्यक्रम बंद स्क्रीनपुढे झाला आणि कुणाला कळलं नाही. मलासुद्धा नाही. मी त्या दिवशी घरी ऐकत होते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "हे दोन अक्षरांचं काय आहे, ते मला दाखव. समितीतला कुणी विचारलं तर मला समजावता आलं पाहिजे."

अण्णा म्हणाले, "एक अडचण हाय मॅडम. बाजारभाव. कागदावरचं बारीक अक्षर मला आता दिसत न्हाय. ही वाचते, मी पाठ करतो, पण एखादा आकडा चुकला तर शेतकऱ्याचं नुकसान व्हायचं. भाव हिनंच वाचावेत."

"मी?" मी म्हटलं. "माझा आवाज कुठं रेडिओचा आहे? माझं बोलणंसुद्धा गावठी."

"ऐकणारं कुठलं हाईत?" अण्णा म्हणाले. "लंडनचं?"

मॅडम हसल्या, आणि ठरलंच ते.

समितीत दोन माणसांनी कटकट केली, असं नंतर कानावर आलं. मॅडमनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. अण्णांचे थेट कार्यक्रम राहिले. आणि फेब्रुवारीच्या एका सकाळी मी पहिल्यांदा माईकपुढे बसले. शेजारी अण्णा. ज्वारी, मका, कांदा झालं. डाळिंबाच्या ओळीवर आले आणि अडकले. माझी एक सेकंद शांतता झाली असेल-नसेल, तेवढ्यात अण्णांच्या बोटांचा आवाज आला आणि केंद्राची धून सुरू झाली, जणू ती तिथंच यायची होती. त्यांनी चाचपून पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी पाणी प्याले. त्यांनी धून हळूहळू खाली आणली आणि बोटानं खूण केली. मी डाळिंबाचा भाव सांगितला, आणि राहिलेलं सगळं वाचलं.

त्या दुपारी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी निघाले. माझी अवस्था बघून तेच म्हणाले होते, चल, सुमनच्या हातची भाकरी खा. वडापमध्ये बाजार करून परतणाऱ्या बायका कोंबून बसल्या होत्या. जीप सुटली आणि त्यांच्यातल्या एका म्हातारीनं सुरू केलं.

"आज रेडिओवर भाव सांगायला कुणी नवीच बाई आलती."

"ऐकलं की. मधीच अडखळली."

माझा जीव कानात गोळा झाला. अण्णा माझ्या शेजारी तोंड घट्ट मिटून बसले होते. ते बोलले असते तर पहिल्याच शब्दाला साऱ्या जीपनं ओळखलं असतं. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. मी नाही नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा ढोसलं.

"कशी वाटली हो तुम्हाला?" मी शेवटी विचारलं.

"चांगली वाटली की," ती म्हातारी म्हणाली. "आमच्या पोरी बोलतात तसं बोलती. आकडा पण नीट कळला. आमचा म्हातारा म्हणला, ही खोटं सांगायची न्हाय." मग ती बोलायची थांबली. पुढे वाकून तिनं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. "अगं बया. तूच का गं ती?"

मी मान खाली घातली. अण्णांना मात्र राहवलं नाही. ते मोठ्यानं हसले, आणि म्हणाले, "हीच ती. उज्ज्वला नाव तिचं."

"दामूअण्णा!" दोघी-तिघी एकदम ओरडल्या. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. रोज ऐकलेला माणूस आज पहिल्यांदा दिसत होता त्यांना. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, कुणी सुनेचं नाव घेत होतं, कुणी ओवी मागत होतं, आणि अण्णा आवाज येईल तिकडे तोंड वळवत होते, थोडं चुकत, थोडं पुढं जाऊन मागं येत.

म्हातारीनं पिशवीत हात घालून मूठभर बोरं काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "घ्या अण्णा. आमच्या बांधावरची हाईत."

अण्णांचा हात आला नाही. ते हसऱ्या तोंडानं समोर बघत होते. म्हातारीचा हात तसाच राहिला. तिनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी काही सांगायच्या आत तिनं दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला, तळवा उघडला, त्यात बोरं ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली.

"खा," ती म्हणाली. "गोड हाईत."